बदकाची मान

सावंतवाडीच्या स्पर्शसंग्रहालयात शिरल्याबरोबर ओजूनं आईचं बोट सोडलं आणि पहिल्याच काचेला नाक चिकटवलं. आत लाखकामाची लाकडी खेळणी मांडली होती. भोवरे, पोपट, चाकांवरचा हत्ती.

"आई, हत्तीला घाम आलाय!"

"तुझ्या नाकाची वाफ आहे ती. आणि पळू नकोस, फरशी गुळगुळीत आहे. ओजू!" केतकीनं दोन ढांगांत तिला गाठलं. पोर चार वर्षांची झाली, तरी केतकी तिच्यापाशी अशी असायची, जशी उतू जाऊ पाहणाऱ्या दुधापाशी.

संग्रहपाल प्रभुणे हातमोज्यांच्या दोन जोड्या घेऊन आले. "ही धाकटी होय? आज आणलीत शेवटी."

"म्हटलं, ताईची ओळख व्हावी."

ताई म्हणजे मैतू. ओजूच्या जन्माआधीच, पाच वर्षांची असताना तापानं गेली. दिवसभर तिच्या मुठीत असायचं ते पिवळं बदक केतकीनं इथे ठेवलं होतं. प्रभुण्यांनी ते पुढे ठेवलं. "याच्या मानेवर पहिल्यापासून स्मरणलाखेचा थर आहे."

"म्हणजे काय?" ओजूनं विचारलं.

प्रभुणे तिच्यापुढे उकिडवे बसले. "या लाखेत डोळ्यांना न दिसणारे कण असतात. हाताची ऊब लागली की लाख किंचित सैल होते. मग बोटं जिथे दाबतील, तिथे ते कण सरकून बसतात. पोटाखालची कळ दाबली, की तोच दाब परत देतात. ताई जशी धरायची, तसंच हे तुला धरणार."

"मग मोजे का?"

"आपली ऊब आत जाऊ नये म्हणून. गेली, तर कण जुनं सोडतात आणि आपल्या बोटांचं ऐकतात."

केतकीनं पर्सचा पट्टा उगाचच नीट केला.

चार वर्षं ती दर महिन्याला येत होती. पहिल्या खेपेला मोज्यातून मैतूची पकड फार लांबून आल्यासारखी वाटली, गोधडीआडून यावी तशी. पुढच्या खेपेला प्रभुण्यांची पाठ वळताच तिनं उजवा मोजा काढला. मिनिटभरच. मग दर महिन्याला मिनिटभर. पकड हळूहळू स्पष्ट होत गेली, रुंद होत गेली. मैतू आज दहा वर्षांची असती, आणि पकडही तेवढ्याच मुलीची लागायची. पोर तिथे वाढत होती. केतकीनं हे कुणालाही, अगदी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला यातली गोम कळत नव्हती असं नाही. तिनं ती स्वतःला कळू दिली नव्हती.

ओजूनं कोपरापर्यंत आलेल्या मोज्यांतून बदकाची मान पकडली. प्रभुण्यांनी कळ दाबली. तिनं डोळे घट्ट मिटले.

"कशी आहे ताई?" केतकीनं विचारलं.

"ताई नाहीये. तूच आहेस."

"अगं, नीट बघ."

"तूच! रस्ता ओलांडताना धरतेस ना, तश्शी. करंगळी चेंगरते."

प्रभुण्यांनी दाबमापक लावला. पडद्यावरचे आकडे पाहिले आणि म्हणाले, "केतकीताई, मैतू डावखुरी होती ना? हा उजवा हात आहे. मोठ्या माणसाचा."

"तिचं किती उरलंय?"

त्यांनी दाबमापक बंद केला. "काहीच नाही हो."

काचेतला हत्ती, पोपट, सगळं होतं तिथेच होतं. ओजू बदकाची मान कुरवाळत होती. "बिचारं. आई, याला पण दुखलं असेल. हळू धरायचं ना."

बाहेर दुपारची वाहनं वेगानं जात होती. रस्त्याच्या कडेला केतकीनं सवयीनं हात पुढे केला, आणि ओजूचा हात कसा धरावा, हे तिला सुचेना.