शंभराव्या दिवसाचा फोटो

हे मी कुणा तिसऱ्याकडून ऐकलेलं नाही. जिच्यावर हे बेतलं ती माझी थोआ मावशी आत्ता शेजारच्या खोलीत बसली आहे.

१९८९ साल. डोंगरातलं, थंड हवेचं दालात गाव. ऐन डिसेंबर, दुपारचे तीन.

मावशीचा नवरा दिएप तळ्यावर फिरायला येणाऱ्यांचे फोटो काढायचा. सगळ्या गावाचे काढले, स्वतःचा एकही नाही. तापानं गेला, तेव्हा घरात पूर्वजांचे फोटो पूजतात त्या कट्ट्यावरची त्याची चौकट रिकामीच राहिली.

तो गेल्याचा शंभरावा दिवस उद्यावर आला होता. चेहऱ्याशिवाय नैवेद्य दाखवायचा कुणाला?

एकच आशा होती. जायच्या आठवडाभर आधी त्यानं मावशीच्या हातात कॅमेरा दिला आणि स्वतः तळ्याकाठच्या बेंचवर बसला होता.

"उजेड माझ्या तोंडावरचा मोज गं, तळ्यावरचा नको. नाहीतर कोळसा दिसेन!"

"आत्ता तरी काय वेगळे दिसताय?"

तो रोल कॅमेऱ्यातच होता.

दिएपचे फोटोग्राफर मित्र फुंग काका म्हणाले, "मी धुऊन देतो ना, पोरी."

"नको. ह्यांचा चेहरा मीच पहिली बघणार."

मग दोन महिने ती त्यांच्याकडे रोल धुवायला शिकली.

त्या दुपारी खिडकीला घोंगड्या लावून तिनं काळोख केला. टेबलावर रसायनांचे दोन सारखेच वाडगे. एकात चित्र उमटतं, दुसऱ्यात पक्कं होतं. उलट झालं की फिल्म कोरी.

रोल उघडला... आणि पाय स्टुलाला अडखळला.

सावरेपर्यंत डावं-उजवं कळेना. वासावर ओळखावं, तर रडून रडून नाक चोंदलेलं.

हात एका वाडग्याकडे गेला...

टक्.

टेबलावर बोट आपटल्याचा आवाज. रोल धुताना दिएप मिनिटं अशीच मोजायचा.

तिनं हात दुसऱ्या वाडग्याकडे नेला... शांत.

फिल्म बुडवली. मिनिटाला एक... टक्... टक्...

आठ झाले आणि आवाज थांबला. आठच मिनिटं लागतात.

"अहो...?"

नवरा गेला त्या दिवशीही एवढं एकटं वाटलं नव्हतं, असं मावशी म्हणते.

फिल्म पक्की केली, पण उलट्या काळ्या-पांढऱ्यात तिला चेहरा ओळखू येईना; ओलीच घेऊन ती फुंग काकांकडे धावली. त्यांनी ती उजेडात धरली.

"झकास धुतलीस. पण हा शेवटचा... फिल्मवर काळं ते कागदावर पांढरं, पोरी. दिएपचे केस पांढरे कधी झाले?"

त्यांनी लगेच छापून बघितला. बेंच तोच. त्यावर पांढऱ्या केसांची एक म्हातारी. एकटीच. शेजारी एकाची जागा सोडलेली. स्वेटरचं दुसरं बटण बाकीच्यांहून मोठं.

चेहरा मावशीचा होता. तेव्हा ती चौतिशीत होती.

दिएपची चौकट आजही रिकामी आहे.

मावशी आता एकाहत्तर वर्षांची. मागच्या आठवड्यात तिच्या स्वेटरचं बटण तुटलं. मी तसलंच आणायच्या आत तिनं जुन्या कोटाचं मोठं बटण शिवून टाकलं.

"मावशी, काढ ते."

"का गं? शोभतंय की. ऊन छान पडलंय, तळ्यावर नेतेस का? ते तिथं एकटे किती दिवस बसणार?"

रोज मी उद्या म्हणते. दाराला कुलूप लावते. मला फार भीती वाटते.

आत्ता हे लिहिताना शेजारच्या खोलीतून आवाज येतोय... टक्.

मिनिटाला एक.

आत्तापर्यंत सहा झालेत.