सरावातला माणूस

सिग्नलला थांबलेल्या गाडीचं मागचं दार उघडून मी धपकन बसले, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाले, “वाचनालयाच्या इमारतीपाशी सोडा. जरा लवकर!”

गाडी चालवणाऱ्या काकू किंचाळल्या. गाडीने एक आचका दिला, मग आणखी एक, आणि ती भर चौकात बंद पडली.

काकूंच्या शेजारी बसलेला तरुण सावकाश मागे वळला. आधी त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पर्सकडे, आणि अगदी शांतपणे म्हणाला, “ही टॅक्सी नाही. छतावरच्या पाटीवर ‘शिकाऊ’ लिहिलंय.”

“अगं बाई…” माझा हात दाराकडे गेला.

“बसा, बसा. आम्हीही तिकडेच निघालोय. पोचायचं की नाही, ते मात्र या काकू ठरवणार.”

काकूंनी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. मागून हॉर्नवर हॉर्न वाजत होते आणि हा माणूस “छान, आता हळूच क्लच सोडा…” असं म्हणत होता, जणू आम्ही बागेत फिरायला निघालो होतो. आरशात त्याचे डोळे दिसत होते. हसत होते. मी खिडकीबाहेर पाहिलं – पण किती वेळ बाहेर पाहणार?

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. मी एक पकडून बसते न बसते तोच समोरच्या खुर्चीवर तोच येऊन बसला.

“तुम्ही इथे?” दोघं एकदमच म्हणालो.

तो वर्ग होता तुमच्या-आमच्यासारख्यांचा. शिंपी, औषधाच्या दुकानातली मुलगी, व्यायामशाळेतले दादा, गाडी शिकवणारा हा आणि पार्लरवाली मी. शिकवणाऱ्या होत्या मनाच्या आजारांच्या डॉक्टरबाई. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, “तुम्हाला डॉक्टर करायचं नाहीये. पण माणसं माझ्याकडे यायच्या कितीतरी आधी तुमच्या खुर्चीत बसतात, तुमच्याशी बोलतात. कुणाचं बिनसलंय ते ओळखा, नीट ऐका आणि योग्य ठिकाणी पोचवा. एवढंच.”

एवढंच! मला हसूच आलं. ऐकण्यात काय शिकायचं? दिवसभर कात्री चालवत मी बायकांचं सगळं ऐकतेच की. घरी तर मला ‘चौकशी खिडकी’ म्हणतात. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची सून माहेरी गेली, सगळं मला ठाऊक असतं.

मग जोड्या पडल्या. एकाने दुःखी माणसाचं सोंग घ्यायचं, दुसऱ्याने ऐकायचं. समोर बसलेला तोच माझा जोडीदार झाला.

क्षणभर तो स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, “मी सकाळी गाडीत जाऊन बसतो. किल्ली लावतो. पण फिरवत नाही… खूप वेळ तसाच बसतो. मग घरी परत जातो. भावाचा फोन येतो, तो वाजू देतो.”

इतकं साधं बोलला की मला ते ऐकवेना. आणि ऐकवेना की मी बोलते! “अहो, असं बसून कसं चालेल? पहाटे उठून पळायला जा. एखादं कुत्रं पाळा. आणि लग्न करून टाका, घरात कुणीतरी हवं माणसाला!”

डॉक्टरबाई मागेच उभ्या होत्या. “त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही त्यांना व्यायाम, कुत्रं आणि बायको देऊन मोकळ्या झालात,” त्या म्हणाल्या.

सगळा वर्ग हसला. तोही हसला. पण जरा उशिरा.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट शिकवली. समोरचा माणूस जीव द्यायच्या विचारात आहे अशी शंका आली, तर आडवळणं घ्यायची नाहीत, सरळ विचारायचं. विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरत नाही, उलट आतल्या आत कोंडलेल्याला वाट मिळते. मी त्याच्यापुढे प्रश्न विचारायला तोंड उघडलं… आणि मला शब्दच फुटेना. “जाऊ दे,” तो हळूच म्हणाला. “सरावच तर आहे.”

सरावच होता का?

घरी आल्यावर, जिच्याबरोबर राहते आणि पार्लर चालवते त्या आत्यालाही मी बोलून दाखवलं नाही, कारण वर्गात बोललेलं वर्गातच ठेवायचं, असा नियम होता. पण डोक्यातून काही जाईना. तो किल्ली न फिरवणारा माणूस खरा होता की रचलेला? रचलेला असेल तर हा किती हुशार! आणि खरा असेल तर…

चार-पाच वर्ग झाले. मग मी सरळ त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. आत्या म्हणाली, “गाडी कुठे आहे आपल्याकडे?” मी म्हटलं, “आधी शिकू तर दे!”

“आरशात बघा,” तो सांगायचा.

“बघतेय की.”

“माझ्याकडे नाही, मागच्या ट्रककडे.”

मी गोरीमोरी व्हायचे आणि वळायचं सोडून वायपर चालू करायचे. कोरडी काच खरडत वायपर कर्र-कर्र करायचे आणि आम्ही दोघं हसून लोटपोट.

“एक विचारू?” मी एकदा सिग्नलला म्हटलं.

“सरावातलं सोडून काहीही विचारा.”

“मला तेच विचारायचंय हे तुम्हाला कसं कळलं?”

“तुमचे कान लाल होतात विचारायच्या आधी.” हिरवा दिवा लागला. “चला… पहिला गिअर.”

म्हणजे हा माझे कान बघतो! त्या दिवशी मी दोनदा गाडी बंद पाडली.

आता जे सांगतेय ते ज्यांच्याबद्दल आहे त्या बाईंना विचारूनच सांगतेय. आमच्या पार्लरला चित्रकलेच्या एक बाई यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, घरी एकट्या. कंबरेपर्यंतचे केस, त्यांचा जीव की प्राण. त्या दुपारी आल्या आणि म्हणाल्या, “सगळे कापून टाक.”

“बाई, अहो, एवढे सुंदर केस…”

“कोण विंचरत बसणार?”

आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. मी विंचरता विंचरता त्यांच्या मांजराचं विचारलं. ते त्यांनी शेजारणीला देऊन टाकलं होतं. रंग, कुंचले गल्लीतल्या मुलांना वाटले होते. “तुझं लग्न ठरलं की माझे आशीर्वाद आहेत असं समज हो,” त्या म्हणाल्या. “मी असले-नसले तरी.”

कंगवा माझ्या हातात तसाच राहिला. काहीतरी गंमत करून विषय बदलावा असं फार वाटलं… पण मी कात्री लांब ठेवली, खुर्ची वळवली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

“बाई, जीव नकोसा झालाय का? जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का तुमच्या?”

पंखा फिरत होता. आत्या गल्ल्याजवळ थिजून उभी होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, नीट, बऱ्याच वेळाने पहिल्यांदा.

“येतं,” त्या म्हणाल्या. आणि मग ओक्साबोक्शी रडायला लागल्या. “कुणी विचारलंच नाही गं…”

माझ्या जिभेवर शंभर सल्ले आले. सगळे गिळले. त्यांचे हात हातात घेऊन बसून राहिले. ओढणीने डोळे पुसले, त्यांचे आणि माझेही. मग म्हटलं, “बरं झालं सांगितलंत. मी आहे इथेच. आपण दोघी मिळून डॉक्टरबाईंकडे जाऊ या?”

त्यांनी मान डोलावली. आत्याने डॉक्टरबाईंना फोन लावला. “लगेच घेऊन या,” त्या म्हणाल्या, “आणि त्यांना एकटं सोडू नका.” बाहेर तो माझ्या शिकवणीसाठी गाडी घेऊन उभा होता. मी फक्त म्हटलं, “डॉक्टरबाईंकडे जायचंय.” त्याने एकही प्रश्न विचारला नाही. छतावरची ‘शिकाऊ’ची पाटी काढून डिकीत टाकली, बाईंसाठी मागचं दार उघडलं आणि इतकी अलगद गाडी चालवली की बाईंचं डोकं माझ्या खांद्यावरून एकदाही हललं नाही.

डॉक्टरबाईंनी त्यांना आत घेतलं. त्यांच्या बहिणीला बोलावणं गेलं. मी बाहेर बाकावर बसले. त्याने चहाचा कप माझ्या हातात दिला, आणि तो सांडणार हे दिसताच स्वतःचा हात खालून धरून ठेवला.

“मला त्या दिवशी तुम्हाला विचारता आलं नव्हतं,” मी म्हटलं.

“हं.”

“सरावात.”

“तो मीच होतो,” तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला. “दोन वर्षांपूर्वी. वहिनीने विचारलं मला, भाकरी थापता थापता. अगदी असंच, सरळ. तिनेच डॉक्टरांकडे नेलं. आता बरा आहे. पण वाटलं, माझ्या गाडीतही कुणी तसं येऊन बसत असेल… म्हणून त्या वर्गाला आलो.”

त्याचा हात अजून कपाखाली होता.

पुढच्या शिकवणीला गाडीत दुसरेच सर बसले होते. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. चांगले होते बिचारे, पण आरशात बघावंसं काही नव्हतं. फोन केला की “कामात आहे” म्हणायचा. बाई आता बहिणीकडे राहत होत्या, औषधं घेत होत्या, फोनवर परत आणलेल्या मांजराची तक्रारसुद्धा करत होत्या. आणि हा माणूस मात्र माझ्यापासून पळत होता. का? मी सारखं का-का करत होते.

शेवटी गाठलंच त्याला, मैदानात, जिथे तो गाडी मागे घ्यायला शिकवतो तिथे. शिकणारा मुलगा पाणी प्यायला गेला होता. हा बॉनेटला टेकून उभा.

“मला का टाळताय?”

“टाळत नाहीये…”

“टाळताय. माझ्या अंगाला घामाचा वास येतो का? गाडी फार बंद पाडते म्हणून?”

त्याला हसू आलं, पण लगेच मावळलं. “आता तुम्ही माझ्याशी जपून बोलाल,” तो म्हणाला. “मान हलवत ऐकाल. त्या दिवशी गाडीत बाईंशी बोललात तसं. फार सुंदर बोललात. पण मला… मला तुमच्यासमोर त्या खुर्चीत बसायचं नाहीये.”

हे होतं तर! मी इतके दिवस काय काय कल्पना केल्या होत्या.

“हे बघा,” मी म्हटलं, “पार्लरमध्ये मी गप्प बसून ऐकेन. तुमच्याबाबतीत मला ते जमणार नाही. मी मधेच तोडणार. चुकलात तर भांडणार. नको असलेले सल्ले देणार. आणि कधी परत तसं जड जड वाटायला लागलं ना, तर सरळ विचारणार, तेही न लाजता. अशी मी आवडते तुम्हाला की नाही, ते आत्ता सांगा. मला ऊन लागतंय.”

तो एक पाऊल बाजूला सरकला, स्वतःची सावली माझ्यावर पडेल असा.

“आवडता,” तो म्हणाला. “वहिनीला कधीचंच सांगितलंय मी.”

“कधीचं म्हणजे?”

“तू मला कुत्रं पाळायला सांगितलंस त्या संध्याकाळी.”

तू! माझे कान लाल झाले असणार, कारण तो त्यांच्याकडेच बघत होता.

“आणि काय म्हणाली वहिनी?”

“म्हणाली, घेऊन ये घरी. मग मीच घाबरलो.” त्याने हात पुढे केला. “रविवारी येतेस?”

शिकणारा मुलगा परत आला होता आणि गाडीपाशी घुटमळत होता. मी त्या हातात हात दिला.

“येते,” मी म्हटलं. “पण आधी सांग, वहिनी काय काय विचारेल?”