बारा रिकाम्या चौकटी

"चोवीस हजार जोड्या!" आमचा यंत्रमानव टिप्या याने आकडा जाहीर केला आणि माझं डोकंच फिरलं.

चोवीस हजार? गेल्या दहा दिवसांत मी आजोबांबरोबर दक्षिण समुद्रातलं हे अख्खं बेट पायाखाली घातलं होतं. पश्चिमेच्या उतारावर नुसते दगड आणि गेल्या वर्षीची सुकलेली विष्ठा. मग एवढे पेंग्विन आले कुठून?

समोर समुद्रात सहा जहाजं टपून बसली होती. त्यांना क्रिल (कोळंबीसारखे इवलेसे जीव) उपसायचे होते. पेंग्विनची पिल्लं त्यांच्यावरच तर जगतात! वीस हजारांपेक्षा जास्त जोड्या असतील तर परवानगी, कमी असतील तर बंदी, असा सागर मंडळाचा नियम होता. टिप्याने आकडा मंडळाला कळवलाही होता. बारा वाजता मंडळाचे कारखानीस पडद्यावर येऊन निकाल देणार होते आणि आत्ताच साडेदहा झाले होते.

"आजोबा, हे साफ खोटं आहे!"

"चिडून आकडा बदलत नाही, चारू. चूक कुठे झाली ते शोध," आजोबा म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता.

पेंग्विन सारखे हलतात, म्हणून आम्ही घरटी मोजत होतो. एक घरटं म्हणजे एक जोडी. एकजण अंडी उबवतो, दुसरा समुद्रावर गेलेला असतो. वसाहतीच्या नकाशावर आम्ही चारशे सारख्या चौकटी आखल्या होत्या. सगळ्या मोजायला महिने लागले असते. म्हणून चिठ्ठ्या टाकून वीस निवडायच्या, म्हणजे आपल्याला सोयीची जागा निवडली जात नाही. हा झाला नमुना (सगळ्यांच्या वतीने तपासलेला थोडा भाग). त्याची सरासरी काढून चारशेने गुणायचं. टिप्याच्या वीस चौकटींत बाराशे घरटी होती, म्हणजे चौकटीला साठ. साठ गुणिले चारशे, चोवीस हजार. गुणाकार बरोबर होता, म्हणून तर मी आणखीच चिडले.

मी यादी पुन्हा वाचली. "टिप्या, पश्चिम उताराची चिठ्ठी मी स्वतः उचलली होती. ती कुठाय?"

"ती चौकट रिकामी निघाली, ताई. मग मी दुसरी चिठ्ठी उचलली."

"का?"

"रिकामं परत द्यायचं नसतं. आजोबांनीच शिकवलंय."

आजोबांनी कपाळावर हात मारला. पलीकडच्या हवामान केंद्रातल्या बाई आम्हाला सूप पाठवायच्या आणि टिप्या डबा धुऊन तसाच परत द्यायचा. "रिकामा डबा देऊ नये रे, चिमूटभर साखर तरी घाल," असं आजोबांनी त्याला बजावलं होतं. या शहाण्याने तो नियम चौकटींनाही लावला!

"अशा किती टाकल्यास?" मी ओरडले.

"बारा."

"अरे दगडा! इथे कुणी नाही, हीसुद्धा माहितीच आहे ना!"

म्हणजे बाराशे घरटी बत्तीस चौकटींत होती. सरासरी साडेसदतीस. चारशेने गुणलं तर पंधरा हजार.

"हाही अंदाजच," आजोबा म्हणाले. "तीन-चार हजार इकडेतिकडे होतील. तरी वीस गाठत नाही."

बाराला कारखानीस पडद्यावर आले. "डॉक्टर, सकाळी चोवीस आणि आता पंधरा?"

"चूक माझी," आजोबा म्हणाले आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे आता रिकाम्या जागाही मोजायच्या?" कारखानीस हसले.

ते हसू मला सहन झालं नाही. "हो काका, मोजायच्या! फक्त भरलेल्या चौकटी धरल्या, तर उद्या चारशेतली एकच उरली तरी तिच्यात साठ घरटी असतील. तुमचा आकडा तेव्हाही चोवीस हजारच येईल!"

त्यांचं हसू मावळलं. त्यांनी कागदावर तो गुणाकार करून पाहिला, मग पुन्हा करून पाहिला.

"बंदी," ते एवढंच म्हणाले.

समोर जहाजं वळली.

"ताई," टिप्याने हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी त्या बारा चौकटी पुन्हा रिकाम्या निघाल्या तर?"

"तर शून्य लिही. आणि एकीत जरी घरटं दिसलं, तर असशील तिथून ओरड. मी धावत येईन."