एका पायावरची टोपी

"माझ्या नवऱ्याला मी मारलं का, एवढंच मला सांगा," युन्रू म्हणाली. "बाकी काही नको."

खाजगी तपास करणाऱ्या रुआनताईंनी चहाचा पेला तिच्यापुढे सरकवला. तैवानमधल्या शिनचू शहराचा वारा खिडक्या बडवत होता. कोपऱ्यात आत्साय जेवणाच्या डब्यातलं कोंबडीचं तंगडं चोखत बसला होता. तो पूर्वी टॅक्सी चालवायचा; आता ताईंची गाडी चालवतो आणि उरलेल्या वेळात ताईंचं डोकं खातो. पण हा प्रश्न ऐकून त्याचंही तंगडं तोंडाशीच थांबलं.

"नीट सांगा," ताई म्हणाल्या.

युन्रू ज्या कारखान्यात कॅरिअर बोर्डांचे नकाशे आखायची, तिथेच तिचा नवरा बोहान माल तपासायचा. तयार बोर्ड तापवून पाहायला तिथे भट्टी होती, माणूस उभा मावेल अशी खोलीच म्हणा ना. मागच्या गुरुवारी संध्याकाळी बोहान त्या भट्टीत मेलेला सापडला. दार बंद, हीटर चालू.

"आत सुटकेचं लाल बटण आहे. ते दाबलं की हीटर बंद पडतो आणि दाराची कडी सुटते. त्याने ते इतकं दाबलं होतं की बटणाचं झाकण फुटलंय." तिने पेला बाजूला सारला. "पण ते बटण थेट कडीला जोडलेलं नाही. ते माझ्या बोर्डाला जोडलंय. सगळे म्हणतात, तुझा बोर्ड ऐन वेळी झोपला."

"बोर्ड झोपतो म्हणजे?" आत्सायने विचारलं.

"प्रोसेसरचं छोटं मॉड्यूल असतं, ते मेंदू. ते माझ्या बोर्डावर बसतं. वीज देणं, बाहेरच्या तारा मेंदूपर्यंत पोहोचवणं, हे बोर्डाचं काम. मेंदू कधीकधी गोठतो. म्हणून मी बोर्डावर वेगळा पहारेकरी ठेवलाय. मेंदू क्षणभर गप्प झाला तरी तो हीटर तोडतो आणि लाल दिवा लावतो. तो दिवा चावीशिवाय विझत नाही, आणि चावी माझ्याकडे असते."

"बोर्ड जागा असूनही बटणाकडे दुर्लक्ष करेल, असं काही आहे?"

युन्रूने किल्ल्यांची डबी काढली. "एक आहे. बोर्ड टेबलावर तपासताना बटणाची तार नसते. तेव्हा दोन पिनांवर मिळून एक टोपी चढवतो, मुंगीएवढी, काळी. टोपी चढली की बोर्ड बटणाकडे ढुंकून बघत नाही. भट्टीत बोर्ड बसवताना ती टोपी मी स्वतः काढली. ही बघा, अजून किल्ल्यांच्या डबीत आहे. माझ्या हातचा एकही बोर्ड टोपीसकट मशीनमध्ये जात नाही."

"भट्टीच्या नियंत्रणाच्या पेटीवर खाऊची पुडी होती?"

"नसायला काय झालं? कुठल्या मशीनवर नसते?" तैवानच्या कारखान्यांत मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर खाऊची हिरवी पुडी ठेवतात, ती खायची नसते, फोडायची तर नाहीच. युन्रूने डोळे पुसले. "बोहानने ठेवली होती. मार्करने लिहिलं होतं वर, 'शहाण्यासारखी वाग, माझ्या बायकोची अब्रू राख.' सगळे हसायचे."

"उद्या आमच्याबरोबर या."

"कारखान्यात येईन. त्या खोलीत पाय ठेवणार नाही."

*

मालक चो साहेब गुरुवारी दिवसभर तैपेईत गिऱ्हाइकांबरोबर होते, आणि हे त्यांनी न विचारता तीनदा सांगितलं.

"पोरगी हुशार आहे हो, पण चुकली. बोर्ड फसला. पोलीस निष्काळजीपणाचा खटला भरतील, आम्ही तिला काढून टाकू, संपलं."

"बोहानचं कुणाशी वाकडं होतं?"

"सगळ्यांशी! हट्टी माणूस. इस्पितळांच्या श्वासयंत्रांसाठी जाणारा अख्खा माल अडवून धरला होता त्याने. पेंगउस्ताद रोज त्याच्या नावाने बोटं मोडायचे."

पेंगउस्ताद चाचणी विभागाचे प्रमुख. पन्नाशीचे, केस पांढरे, हात मात्र विणकाम करणाऱ्या बाईसारखे चपळ. अर्ध्या कारखान्याला त्यांनीच शिकवलेलं. त्यांच्या मागे मांडणीवर बोर्डांच्या रांगा होत्या आणि वर पाटी होती : 'तापवून तपासलेले'.

"भांडण? कामात होतंच की," बोलता बोलता त्यांनी हातातल्या बोर्डावरची काळी टोपी उपटली आणि एकाच पिनेवर तिरकी लटकवून ठेवली. "दुपारच्या जेवणानंतर दिवे मालवून सगळे टेबलावर डोकं टेकतात, तुम्हाला ठाऊकच आहे. मीही झोपलो होतो. बोहान कधी आत गेला, कुणी पाहिलं नाही. संध्याकाळी मी दार उघडलं, तर..." त्यांनी मान खाली घातली.

"भट्टी तेव्हा चालू होती?"

"धडधडीत चालू. आग ओकत होती."

"लाल दिवा?"

"दिवाबिवा काही नव्हता."

तेवढ्यात आत्सायने मांडणीवरचा एक बोर्ड उचलला होता. त्यावरची पारदर्शक पातळ पट्टी नखाने सोलत तो म्हणाला, "काय गुळगुळीत आहे हो! माझ्या फोनवरची चार दिवसांत सुरकुतली."

"ठेव ते!" पेंगउस्ताद खेकसले.

*

भट्टीच्या खोलीला गुरुवारी संध्याकाळपासून पोलिसांचं सील होतं. इन्स्पेक्टर वू यांनी ते फोडलं. युन्रू बाहेर बाकावर बसून राहिली. पेंगउस्ताद दारातून बघत होते.

भट्टीशेजारी नियंत्रणाची पेटी होती, झाकण वर उघडणारं. झाकणावर हिरवी पुडी, वर एक अक्षरही नाही. आत्सायला दुपारपासून भूक लागलेली. "ताई, ही कधीची पडलीय कोण जाणे. खाऊन टाकू?"

"हात लावू नकोस!" पेंगउस्ताद ओरडले. "जुनी नाही ती, नवीच आहे! आणि ती खायची नसते, एवढं कळत नाही?"

ताईंनीच पुडी अलगद उचलून बाजूला ठेवली आणि झाकण उघडलं. बिजागरीत कसलासा पिवळा चुरा अडकला होता. आत युन्रूचा बोर्ड.

"टोपी बघ," ताई पुटपुटल्या.

आत्सायने डोळे ताणले. "आहे. पण एकाच पिनेवर, तिरकी. दोन्हींवर नाही. म्हणजे ठीकच ना?"

"अगदी ठीक," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र दगडासारखा झाला होता. "इन्स्पेक्टर, चो साहेबांना बोलवा. आणि दार उघडं ठेवा, बाहेर ऐकू जाऊ दे."

*

"बोहानला बोर्डाने मारलं नाही," ताईंनी सुरुवात केली. "मेंदू गोठला असता तर पहारेकऱ्याने हीटर तोडला असता, लाल दिवा लागला असता. पण उस्ताद, तुम्हीच म्हणालात, भट्टी आग ओकत होती आणि दिवा नव्हता."

"पहारेकरीही बिघडला असेल!"

"मेंदू आणि पहारेकरी, दोघे एकाच वेळी? नाही. बोर्ड ठणठणीत जागा होता. त्याला बटणाकडे बघू नकोस असं सांगितलं होतं. दोन पिनांवर टोपी चढवून."

"पण टोपी तर एकाच पिनेवर आहे!" आत्साय म्हणाला.

"आहे, तिथेच तर घोळ झाला! युन्रूने टोपी काढून डबीत ठेवली होती. या बोर्डावर टोपी असायलाच नको. कुणीतरी आणली, चढवली, आणि माणूस मेल्यावर काढली. मग खिशात का नाही टाकली? कारण त्या हाताला तीस वर्षांची सवय. काढलेली टोपी हरवू नये म्हणून एका पायावर लटकवायची. उस्ताद, अगदी तुम्ही माझ्यासमोर लटकवलीत तशी."

"तसं निम्मा कारखाना करतो!" पेंगउस्ताद ओरडले. "मीच शिकवलंय त्यांना!"

"कबूल. म्हणून पुडीकडे येऊ. बोहानच्या पुडीवर त्याच्या हातचं वाक्य होतं. ही कोरी आहे. घाईत झाकण उघडताना ती बिजागरीत चेंगरली, फुटली. चुरा अजून बिजागरीत आहे. मशीनवर फुटलेली पुडी ठेवायची? की मशीन पुडीशिवाय सोडायचं? तुमच्यातल्या कुणाचा हात धजेल? तुमचाही धजला नाही. तुम्ही नवी ठेवलीत, आणि लगेच सगळ्यांना हाक मारलीत. त्यानंतर खोलीला सील लागलं. आज ते फुटलं, तेव्हा ही पुडी नवी आहे हे या खोलीत फक्त एका माणसाला माहीत होतं. आत्सायवर ओरडताना तो ते बोलून गेला."

चो साहेब भिंतीला टेकले.

"पण का?" इन्स्पेक्टरनी विचारलं.

"उस्तादांच्या 'तापवून तपासलेल्या' बोर्डांवरची पट्टी बघा. भट्टीत गेली असती तर आक्रसून वाकडीतिकडी झाली असती. ती गुळगुळीत आहे. तो माल भट्टीत गेलाच नाही. बोहानने ते ओळखलं होतं. दुपारी सगळे झोपले असताना तो भट्टी पाहायला आत शिरला, आणि मागून दार लागलं."

पेंगउस्तादांचे चपळ हात लोंबकळत राहिले. "मुदत उलटत होती," ते हळूच म्हणाले. "वर्षभर असंच चाललं होतं. कुठे काय बिघडलं? एकटा माणूस सगळ्यांची पोटं मारायला निघाला होता."

"श्वासयंत्रावर कोण असतं, माहीत आहे ना?" ताई कडाडल्या. "ती माणसं बटणसुद्धा दाबू शकत नाहीत!"

इन्स्पेक्टरनी पेंगउस्तादांना बाहेर नेलं. बाकापाशी ते थबकले, पण युन्रूने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती उठून आत आली. त्याच खोलीत.

"भट्टी चालू करा," ती म्हणाली.

तिने स्वतःच टोपी काढली आणि खिशात टाकली. मग ती भट्टीत गेली. ताईंनी दार लावलं; कडी बसल्याचा आवाज आला. हीटर गुरगुरू लागला. आत्सायने ताईंचा दंड घट्ट धरला.

खट्. कडी सुटली, हीटर गप्प झाला, दार उघडलं.

युन्रू आतच उभी होती, फुटक्या झाकणाच्या बटणावर तळवा ठेवून. "चाललं," ती म्हणाली. "त्याचंही चाललं असतं." आणि ती ते बटण पुन्हा दाबू लागली, पुन्हा, पुन्हा. शेवटी आत्सायने आत जाऊन तिचा हात सोडवला आणि तिला बाहेर आणलं.