होन्मांच्या सिनेमाचं कपाट

होन्मा इगाराशी उस्तादांच्या कपाटांच्या कारखान्यात आले ते मोजपट्टी, चौकटीचा कागद आणि यंत्रांची यादी घेऊनच. चाळीस वर्षं जपानातल्या कामो गावाचे दात उपटून निवृत्त झालेला माणूस. कुठलीही वस्तू दिसली की वाकून आधी तिच्या आत डोकवायचं, ही खोड काही गेली नव्हती. घरातल्या मोठ्या खोलीत त्यांनी भिंतभर पडदा लावला होता, सहा स्पीकर टांगले होते, आणि आता पडद्याखाली कपाट हवं होतं. गावच्या रीतीचं, किरीच्या हलक्या लाकडाचं, आणि दर खणात एक यंत्र.

"सगळ्यात दांडगा हा ॲम्प्लिफायर," कागदावर बोट ठेवून ते म्हणाले. "एकोणीस किलो. अर्ध्या तासात असा तापतो की वर अंडं भाजावं."

इगाराशी उस्तादांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "डॉक्टर, कामोच्या कपाटात किमोनो ठेवतात. शेगडी नाही."

"मी करते," मिझुए म्हणाली.

उस्तादांनी हातातला रंधा खाली ठेवला. मिझुए कुवाबारा अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होती. तिच्या हातची कपाटं तोक्योपर्यंत गेली होती, पण प्रत्येकाच्या पाठीवर उस्तादांचाच शिक्का डागलेला. तिच्या नावाचा लोखंडी शिक्का लोहाराकडून कधीच घडवून आला होता आणि उस्तादांच्या कुलुपात पडून होता. मागायची रीत नव्हती. उस्ताद देतील तेव्हा घ्यायचा.

"करच," उस्ताद म्हणाले. "परीक्षा माहीत आहे ना?"

ती कामोतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. एक खण आत ढकलायचा. मागची हवा कोंडते, आणि त्या हवेच्या रेट्याने दुसरा खण आपोआप बाहेर येतो. आला तर कपाट, नाहीतर खोकं.

"खण बाहेर यायला हवा, आणि डॉक्टरांचं यंत्र जळता कामा नये. दोन्ही जमलं तर शिक्का तुझा. बर्फ वितळलं की मी कारखान्याला कुलूप लावतोय, पोरी. मग मागशील कुणाकडे?"

मिझुएने चौकटीचा कागद पुढे ओढला. यंत्राला गार ठेवायचं तर पाठीला फटी हव्यात, आणि फटी पाडल्या की हवा कोंडत नाही. मधे आडवी फळी घालून यंत्राची जागा तोडावी म्हटलं, तर होन्मांच्या वायरी एका खणाच्या मागून दुसऱ्याच्या मागे जाणाऱ्या. पाठीमागची पोकळी सगळ्यांत एकच. एका म्यानात दोन तलवारी बसवायच्या होत्या.

तीन पावसाळे आणि तीन हिवाळे अंगणात उभ्या राहून काळ्या पडलेल्या फळ्या तिने स्वतः निवडल्या. वरचा काळा थर रंध्याखाली गेला की आतून लाकूड तांदळाच्या धुवणासारखं निघे. लाकडी खिळे तिने कोंड्यात भाजले, तोंडात धरून ओले केले आणि ठोकले. खणांच्या कडा ती रंध्याने इतक्या हलक्या उतरवत होती की ढलपीतून खिडकीबाहेरचं अंगण दिसावं. महिनाभर तिला जेवणाची शुद्ध नव्हती. हात मात्र आपलं काम जाणत होते, आणि घात झाला तो त्यामुळेच.

होन्मा यंत्रं घेऊन कारखान्यात आले तेव्हा कपाट तयार होतं. मिझुएने खालचा खण ढकलला, वरचा दिमाखात बाहेर आला. होन्मांनी टाळ्या वाजवल्या. मग सिनेमा लागला. चाळिसाव्या मिनिटाला ऐन लढाईत आवाज बंद पडला. ॲम्प्लिफायर तापून झोपला होता.

मिझुएने मागे जाऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पाठीची फळी नखभरही फट न ठेवता बसली होती. फटी कागदावर आखलेल्या होत्या, पण अकरा वर्षं जी पाठ घट्ट बसवत आले ते हात याही खेपेला तेच करून मोकळे झाले होते.

"हाताला वळण चांगलं लागलंय," उस्ताद म्हणाले. ते कौतुक होतं की टोमणा, कळायला मार्ग नव्हता.

होन्मा गेल्यावर तिने दात-ओठ खात पाठीत दोन फटी पाडल्या. खाली एक, वर एक, प्रत्येक बोटभर रुंद. करवत चालत होती आणि तिला रडू येत होतं, कारण हवा जायला एवढी वाट मिळाल्यावर खण मेला हे ठरलेलंच. तरीही सवयीने तिने खालचा खण ढकलला.

काहीच झालं नाही. ती वळली. तेवढ्यात पाठीमागे लाकूड सरकलं.

वरचा खण बाहेर आला होता. पूर्ण, सावकाश, दोन आकडे मोजावेत एवढ्या उशिराने.

मिझुए देवभोळी नव्हती. तिने कपाटावर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. खणांखाली मेण साचलंय का पाहिलं, नव्हतं. दोन्ही फटींवर पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि पुन्हा खण ढकलला. हवा फटीतून बाहेर पडली असती तर पट्ट्या उडायला हव्या होत्या. त्या लोंबकळतच राहिल्या, आणि दोन आकड्यांनंतर खण बाहेर आला. दहा वेळा तिने हेच केलं, आणि दहाही वेळा ते दोन आकड्यांचंच अंतर.

उस्तादांना ती काही बोलली नाही. खरं सांगायचं तर तिला भीती वाटली त्याहून जास्त आनंद झाला होता.

परीक्षा होन्मांच्या घरी, रविवारी दुपारी झाली. बाहेर ऊन आणि बर्फ, आत चहा आणि भाताच्या तिखट पापड्या. होन्मांनी आवाज एवढा वाढवला की कपातल्या चहावर वलयं उठली. दोन तास दहा मिनिटं सिनेमा चालला आणि आवाज एकदाही तुटला नाही.

होन्मा दर दहा मिनिटांनी कपाटात उष्णतामापक घालत होते. "साडेछत्तीस अंश! माणसाच्या अंगाएवढं!" ते ओरडले. "आवाज वाढवला तरी साडेछत्तीस, कमी केला तरी साडेछत्तीस. आणि गंमत सांगू? सकाळी यंत्राला हात लावला नव्हता, खोलीत पाणी गोठत होतं, तेव्हाही आत साडेछत्तीसच."

"म्हणजे ताप नाही म्हणायचा," उस्ताद म्हणाले, आणि सगळे हसले. मिझुएसुद्धा हसली, जरा उशिराने.

मग उस्ताद गुडघ्यांवर पुढे सरकले. त्यांनी फटी पाहिल्या, बोट घालून पाहिल्या. खालचा खण स्वतःच्या हाताने ढकलला.

एक. दोन.

वरचा खण त्यांच्या छातीपर्यंत आला.

 मग दोन्ही तळवे जमिनीला टेकवून उस्ताद मिझुएपुढे वाकले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"हे मला जमलं नसतं," ते म्हणाले. "कसं केलंस?"

"माहीत नाही, उस्ताद."

"खरं बोलतेस. चांगल्या कामाचं असंच असतं." त्यांनी बाहीतून फडक्याची पुरचुंडी काढली. शिक्का तिच्या ओंजळीत जड लागला. मिझुए ढसाढसा रडली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

होन्मांनी साकेची बाटली काढली. "आधी शिक्का, मग साके," असं म्हणून तिने स्वयंपाकघरात गॅसवर शिक्का लाल तापवला. यंत्राची वायर भिंतीतून काढली, कपाट पुढे ओढलं आणि ती एकटीच मागे जाऊन बसली. पलीकडे दोघे पेले लावत होते.

शिक्का लाकडावर टेकला. चर्र झालं. कुवाबारा. अक्षरं स्वच्छ उठली, काठ कुठेही फाटला नाही. तिचं नाव होतं ते. शंभर वर्षं तिथे राहणार होतं.

"उठलं का गं नाव?" पलीकडून उस्तादांनी विचारलं.

"उठलं!" ती जोरात म्हणाली.

जळक्या लाकडाचा धूर वर जायला हवा होता. तो खालच्या फटीत शिरला.

आणि बाहेर आला.

पुन्हा आत. पुन्हा बाहेर. संथ, बिनघोर, तिच्याच श्वासाच्या तालात.

भिंतीतून काढलेली वायर तिच्या मांडीशेजारी पडली होती, म्हणजे यंत्र बंदच होतं. मिझुएने दोन बोटांनी नाक दाबलं, ओठ घट्ट मिटले आणि श्वास रोखला.

धूर फटीच्या तोंडाशी थांबला.

तिने मनात नऊपर्यंत मोजलं. नाक चिमटीत होतं, ओठ मिटलेले होते.

मग धूर सावकाश आत गेला, आणि तिची छाती आपोआप भरली.