धुकं जिथं चिकटलं

दांडिया बाजारातल्या त्या तीन मजली इमारतीत कुणाकडे काय शिजतंय, हे मधुकाकूंना जिन्यातल्या वासावरून कळे. तळमजल्यावरच्या दामूअण्णांकडून दोन दिवस फोडणीचा वास आला नव्हता, हे त्यांच्या केव्हाच ध्यानात आलं होतं. त्यात वैशाखातल्या त्या दुपारी पुण्याहून अण्णांच्या मुलाचा, इंद्रनीलचा फोन आला.

"काकू, बाबा फोन उचलत नाहीत. जरा बघून याल ना?"

"अरे, मी निघालेच होते," काकू म्हणाल्या. थेपल्यांचा डबा खरोखरच भरलेला होता. अण्णांची बायको नीरा जायच्या आदल्या दिवशी काकूंचा हात धरून एवढंच म्हणाली होती, "ह्यांच्याकडे बघ." तीन वर्षं काकू बघत होत्या, गरजेपेक्षा जरा जास्तच, असं शेजारपाजारचे म्हणत.

अण्णा कॉलेजातल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. घराच्या मागच्या खोलीत त्यांनी फवारे, काचेच्या बरण्या आणि मांडवीच्या बाजारातून आणलेलं तांब्याचं घंगाळ मांडलं होतं. पाण्याच्या तुषारांत वीज भरायची, ते तुषार घंगाळात साठवायचे आणि हजारो व्होल्ट उभे करायचे, असं त्यांचं वेड. "एक चाक फिरत नाही, वहिनी! नुसत्या धुक्यातून ठिणगी!" ते सांगत. "जेवा आधी, गार होतंय," काकू म्हणत.

अण्णांचं दार नुसतंच लोटलेलं होतं. आत पाऊल टाकताच काकूंना वास आला, जवळच कुठंतरी वीज पडल्यावर येतो तसा, नाकात टोचणारा. मागच्या खोलीतून फवाऱ्याचा बारीक, न थांबणारा आवाज येत होता... सूऽऽ... आणि मधेच, चट्.

"अण्णा?"

"चपला काढू नका, वहिनी." आवाज कुजबुजता होता. "आणि दारातच थांबा."

वाऱ्यानं धुकं विस्कटू नये म्हणून खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या. कोपऱ्यातल्या एका दिव्याच्या उजेडात सगळी खोली दुधासारखी पांढुरकी दिसत होती. अण्णा मधोमध, काचेच्या चार बरण्यांवर ठेवलेल्या पाटावर बसले होते. दोन दिवसांची दाढी, डोळे तांबारलेले.

"अहो, काय मांडलंय हे? तिकडं पोरगा घाबरलाय!"

"हळू बोला... हे धुकं साधं नाही. जमिनीला टेकलेलं जे काही असेल, त्याच्याकडे ते ओढलं जातं, म्हणून चपला राहू द्या. तो नळ बघा. ते लोखंडी कपाट."

नळावर, कपाटाच्या कडांवर धुक्याची लव उभी राहिली होती.

"आता पलीकडच्या कोपऱ्यात बघा. तिथं मी काहीच ठेवलेलं नाही."

काकूंनी पाहिलं. आधी काही कळेना. मग धुक्यात दोन खांदे दिसले. मान दिसली. डोकं एका बाजूला कललेलं होतं, छताला लागू नये म्हणून वाकवावं तसं.

काकू दारातूनच पुढं वाकल्या. "...नीरा?"

"मलाही आधी तसंच वाटलं. रडलो, वहिनी, आनंदानं रडलो." अण्णांची नजर कोपऱ्यावरच होती. "मग नीट पाहिलं... नीरा एवढी उंच नव्हती."

सूऽऽ... चट्.

"मग उठा ना तिथून! चला!"

"कसा उठू? धुकं आहे तोवर ते कुठं आहे हे तरी दिसतं. काल ते खिडकीशी होतं... डोळा लागला तर, फवारा थांबला तर..." त्यांनी मागच्या पिंपाकडे बोट दाखवलं. "आणि पाणी संपत आलंय."

हा माणूस इथंच बसून संपणार, हे काकूंना लख्ख कळलं. त्याला हाताला धरून न्यायचं, बस. अण्णांच्या पाठीमागं भिंतीवर देव होते, देवांच्या शेजारी नीराचा फोटो. डोकं ठिकाणावर नव्हतं, पण पाय जन्माच्या सवयीचे. देवांसमोर जायचं म्हणून ते आपोआप चपलांतून निघाले आणि ओल्या फरशीवर टेकले.

"नको!" अण्णा ओरडले.

सगळं धुकं वळलं. मनगटं, वेणी, पापण्या, जिथं मिळेल तिथं ते काकूंना येऊन चिकटलं. अंगावरचा केस न् केस ताठ उभा राहिला. त्या तशाच पुढं गेल्या आणि त्यांनी अण्णांचा हात धरला. निळी ठिणगी उडाली. खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या, पण हात सुटला नाही. डोळे पुसून त्यांनी पाहिलं, तर पलीकडचा कोपरा स्वच्छ होता. होतं नव्हतं तेवढं धुकं काकूंनीच ओढून घेतलं होतं.

"कुठं गेलं?" अण्णा चहूकडे बघत पुटपुटले. "वहिनी... आता ते कुठं आहे?"

काकूंनी त्यांना दाराकडे वळवलं. त्यांना ओढत जिना चढवला, आपल्या घरात घेतलं, कडी लावली आणि झोपाळ्यावर बसवलं. इंद्रनीलला फोन केला. "बाबा माझ्याकडे आहेत. ठीक आहेत. तू ये मात्र."

स्वयंपाकघरात लख्ख ऊन होतं. शेजारी कुकरची शिट्टी झाली. खाली भंगारवाला ओरडत गेला. काकूंना जरा धीर आला. चहा उकळला, त्यांनी कपावर गाळणी धरली आणि ओतायला सुरुवात केली.

चहा कपात पडेना.

गाळणीतून निघालेली बारीक धार सरळ खाली येत नव्हती. मधेच वाकून ती डावीकडे जात होती आणि ओट्यावर सांडत होती. हात कापतोय, काकूंना वाटलं. त्यांनी हात ओट्याला टेकवून घट्ट धरला आणि कप डावीकडे सरकवला.

धार आणखी वाकली.

डावीकडे, भिंतीपर्यंत, हातभर मोकळी जागा होती. तिथं काकूंनी काहीच ठेवलेलं नव्हतं.