नाशिरूच्या गाडीतलं पाणी

कंदील जरा बारीक कर, रहीना. डोळ्यांवर येतोय. हं... तर ही गोष्ट माझ्या मेहुण्याची, नाशिरूची. बाजारामागं मोटारसायकली दुरुस्त करतो तोच. तुम्ही सगळे ओळखता त्याला. मी सांगतोय त्यात पदरचं काही नाही.

त्याची आई तिकडं झांकुली गावात अंथरुणाला खिळली होती. अन्न सुटलं होतं. एकच धोशा लावलेला, मक्केच्या झमझम विहिरीचं पाणी ओठाला लागू दे. हजहून आलेल्या मावशीकडं एक बाटली होती, तमाले शहरात. नाशिरू ती आणायला गेला. मागच्या जानेवारीतला शेवटचा शुक्रवार. उत्तरेचा धुळीचा वारा सुटलेला, बंधारे आटलेले.

मावशीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. इशाची, रात्रीची नमाज उरकूनच तो उठला.

"त्या धुडावर बसून रात्रीचा जाणार?" मावशी म्हणाली. "आमच्या यांनी माझे कधी एवढे लाड केले नाहीत, जेवढे तू त्या गाडीचे करतोस."

"मावशे, ती उलटून बोलत नाही ना!"

"बोलेल हो एक दिवस," म्हणत मावशीनं बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली. "सांभाळून ने. सांडू नकोस."

मोटारसायकल मोठी होती, परदेशातून जुनी आलेली. पुढं रेडिएटर, आत पाणी खेळतं, त्यानं इंजिन थंड राहतं. त्या दिवशी सकाळीच नाशिरूनं स्वतः पाणी काठोकाठ भरलं होतं.

डांबरी सडक सोडून तो मातीच्या रस्त्याला लागला. सुक्या बंधाऱ्याजवळ आला आणि तापमानाचा लाल दिवा लागला. नाशिरूनं लगेच इंजिन बंद केलं. तापलेलं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं, हे तो पोरांना रोज ओरडून सांगतो. तो थांबला. इंजिन निवल्यावर फडकं धरून झाकण फिरवलं.

आत थेंब नव्हता.

त्यानं बॅटरी लावून नळ्या चाचपल्या. कोरड्या. गाडीखालची माती कोरडी. पंखा ठीक फिरत होता. जाळीत कचरा नव्हता. पाणी इंजिनात उतरलं असेल म्हणून तेलाची काडी काढली. पाणी मिसळलं की तेल दुधाळ होतं. हे तेल स्वच्छ होतं. मग पाणी गेलं कुठं? सांडलं नाही, इंजिनात शिरलं नाही... आणि वाफ होऊन गेलं असतं तर मागं खूण राहिली असती.

पिशवीत बाजारातल्या पिण्याच्या पाण्याच्या पिशव्या होत्या. दातानं फोडून त्यानं एकेक ओतली. सगळ्या संपल्या. रेडिएटरात मावतं त्याच्या कितीतरी जास्त पाणी आत गेलं होतं. वर मात्र आलं नाही.

"घाईत अंदाज चुकला असेल," तो स्वतःशीच म्हणाला. गाडी सुरू केली.

आता गाडी ओढत होती. सपाट रस्त्यावर, चढ लागल्यासारखी. मागं ज्वारीची पोती बांधल्यावर इंजिन जसं कण्हतं, तसं कण्हत होतं. मागचे स्प्रिंग बसले होते. बोजा होता गाडीवर.

कसला बोजा? बाटली तर गळ्यातल्या झोळीत होती.

त्यानं हात मागं नेला. सीट रिकामी. पण तापलेली... तव्यासारखी.

लाल दिवा लागला. गाडी थांबली.

त्यानं झाकण उघडलं. कोरडं.

वारा पडला होता. किडेसुद्धा गप्प. आणि त्याच्या पाठीमागं, अगदी मानेजवळ...

"पाणी..."

नाशिरू वळला नाही. कुराणाची आयत सुरू केली. ती मध्येच अडकली.

"कोण रे भाऊ?"

"पाणी..."

"माझ्याकडं नाही."

मानेवर श्वास आला. कोरडा. भट्टीसारखा. आणि झोळी हलली. हळूच.

"हे... हे माझ्या आईचं आहे रे," नाशिरू म्हणाला. "तिचा जीव अडकलाय यात."

श्वास तिथंच. घरघर. तशीच घरघर त्यानं सकाळी ऐकली होती, आईच्या उशाशी बसून.

त्यानं बाटली काढली. बूच उघडलं. उजव्या तळहातावर थोडं ओतलं. आणि न बघता हात खांद्यावरून मागं धरला.

ओठ लागले.

भेगाळलेले. उललेले. तळहातावर टेकले... आणि पीत राहिले. पाणी ओंजळभरही नव्हतं. तरी पीत राहिले.

...

मग स्प्रिंग करकरले. गाडीची मागची बाजू वर उचलली गेली.

नाशिरूनं किक मारली. रेडिएटर कोरडा होता तरी गाडी झांकुलीपर्यंत धावली. दारात उतरल्यावर त्यानं इंजिनाला हात लावला. गार होतं.

आईनं बाटलीतलं उरलेलं पाणी घोट घोट प्यायलं. "कुठं अडकलास रे इतका वेळ?" एवढंच विचारलं. पहाटे फजरच्या अजानआधी गेली. शांत गेली.

त्याच्या दोस्तांनी नंतर गाडी पूर्ण खोलली. झाकण, पंप, गॅस्केट, सगळं शाबूत. "तू झोपेत चालवत असशील," म्हणून हसले. नाशिरू हसला नाही.

मीसुद्धा विश्वास ठेवला नव्हता, पोरांनो.

पण आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी किटली घेऊन पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालत होतो. नाशिरू समोर आला. डावा हात धुतला. मग उजवा पुढं केला.

मी धार धरली.

खालच्या परातीत थेंब पडला नाही.

मी ओतत राहिलो... किटली हलकी होत गेली. तळहात कोरडा. ठणठणीत कोरडा.

नाशिरूनं मूठ मिटली.

मी किटली हलवून बघितली. रिकामी होती.